अशांत काळातली मैफल: कलावंतांचे प्रश्न, आमची उत्तरं

निवडणुका, बंद, जमावबंदी, सीमेवरचा तणाव यांमुळे ठरलेले कार्यक्रम कोलमडतात आणि त्याचा पहिला फटका बसतो तो गावोगाव फिरून गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी ज्यांची उत्तरं अनेकांच्या उपयोगी पडतील ती इथे घेतली आहेत.

प्रश्न: आमचं नऊ जणांचं लोकगीत-भावगीतांचं पथक आहे. यात्रांच्या हंगामात सातारा-सांगलीकडच्या सुपाऱ्या असतात. आचारसंहिता लागली की आयोजक ‘आता कार्यक्रमच बंद’ म्हणून मोकळे होतात. हे खरं आहे का? शिवाय परतताना नाक्यावर गाडी अडवून बिदागीच्या रोख रकमेवरून हुज्जत होते. – ढोलकीवादक, कराड

आचारसंहितेने गाणं बंद होत नाही. बंद होतो तो गाण्याच्या आडून होणारा प्रचार. आयोजकांना हा फरक समजावून सांगणं तुमच्याच हिताचं आहे.

आधी वेळेचं बघू. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिवर्धक बंद, हा नियम निवडणुकीपुरता नाही. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार तो बारा महिने लागू आहे. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं, पण वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस, आणि ते दिवस आधी जाहीर झालेले असतात. तुमच्या यात्रेचा दिवस त्यात आहे का, हे जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्या. बंदिस्त नाट्यगृहात, आवाज आतल्या आत राहत असेल तर, रात्रीची बंदी लागू होत नाही. मोकळ्या मैदानावर मात्र साडेनऊला रंगात येणारा कार्यक्रम आता साडेसहालाच सुरू करावा लागेल. ज्या गाण्यांसाठी लोक थांबतात ती सव्वानऊच्या आत घ्या आणि 9.50 ला भैरवी संपवा. आवाजाची मर्यादाही आहे. मैदानाच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या ठरलेल्या पातळीपेक्षा 10 डेसिबलहून जास्त असता कामा नये, आणि कुठेही 75 च्या वर जाता कामा नये. रहिवासी भागाची दिवसाची पातळी 55 आहे, म्हणजे तिथे हद्दीवर 65. स्पीकर उंचावर नेऊन खाली, प्रेक्षकांकडे झुकवले तर हद्दीवरचा आकडा बराच खाली येतो.

आता मतदानाआधीचे 48 तास. लोकसभा-विधानसभेसाठी लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 चं कलम 126 लागू होतं. मतदान संध्याकाळी 6 ला संपणार असेल, तर दोन दिवस आधीच्या संध्याकाळी 6 पासून त्या मतदारसंघात संगीताचा किंवा नाटकाचा कार्यक्रम करून निवडणुकीचा मजकूर लोकांपर्यंत पोहोचवणं हा गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संगीताच्या कार्यक्रमाचा उल्लेख थेट कलमातच आहे, म्हणून ‘आम्ही नुसते वादक’ म्हणून सुटका होईल असं धरून चालू नका. साधी भजनसंध्या या कलमात बसत नाही. पण तिच्या मागच्या पडद्यावर उमेदवाराचा फोटो असला की बसू शकते. पडद्याचा फोटो आदल्या दिवशीच व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. सुपारीच्या पत्रात एक ओळ घाला: ‘रंगमंचावर उमेदवार, पक्षाचं नाव, चिन्ह किंवा सत्कार नसेल.’ उमेदवार प्रेक्षकांत बसून गाणं ऐकणार असेल तर ऐकू दे. माइक मात्र त्याच्या हाती जाऊ देऊ नका. नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषदेच्या निवडणुकांना राज्य निवडणूक आयोगाचे वेगळे आदेश असतात. ते तहसील कार्यालयात बघायला मिळतात.

प्रचाराचीच सुपारी घेतली असेल, तर तसं उघड बिल करा. ती रक्कम उमेदवाराच्या खर्चात धरली जाते, आणि दहा हजारांवरची रक्कम त्याने बँकेतूनच द्यायची असते. ‘बिल निम्म्याचं करा, बाकी हातात देतो’ असं कुणी म्हणालं तर ती सुपारी सोडून द्या.

रोख रकमेबद्दल. निवडणुकीच्या काळात 50 हजारांवरची रोकड बाळगणाऱ्याकडे भरारी पथकं आणि नाक्यावरची स्थिर पथकं पुरावा मागतात. बिदागी मिळाल्याबरोबर आयोजकांकडून सही-शिक्क्याची पावती घ्या. सुपारीचं पत्र, पोलीस परवानगीची प्रत आणि सामानाची यादी तिच्यासोबत एकाच फाइलमध्ये, पुढच्या सीटवर ठेवा. यादीत प्रत्येक पेटीचा क्रमांक, आतलं वाद्य किंवा अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याचा सीरियल नंबर लिहा. पेट्यांच्या किल्ल्या एकाच माणसाकडे असू द्यात. दहा कुलपांच्या किल्ल्या दहा खिशांत असल्या की तपासणी तासभर लांबते. तरीही पैसे जप्त झाले, तर जागेवरच जप्तीची पावती मागा. त्यावर जिल्हा तक्रार निवारण समितीचा पत्ता असायला हवा. रकमेचा निवडणुकीशी संबंध नाही हे कागदांवरून दिसलं, तर ती परत करण्याचा आदेश समिती देते.

प्रश्न: कार्यक्रमाच्या आदल्या रात्री दोन गटांत दगडफेक झाली, पोलिसांनी परवानगी मागे घेतली. आमचा टेम्पो तोपर्यंत अर्ध्या वाटेवर होता. आयोजक आता इसार परत मागत आहेत. द्यावा का? – भावगीतगायिका, मिरज

लेखी करारात याबद्दल काहीच नसेल, तर कायद्याचा कल आयोजकांच्या बाजूने जातो, आणि हे बहुतेक कलावंतांना माहीत नसतं. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 56 नुसार, करार झाल्यानंतर तो पार पाडणं अशक्य किंवा बेकायदा झालं तर तो रद्द ठरतो. मग कलम 65 नुसार, अशा कराराखाली ज्याला जे मिळालं ते त्याने परत करायचं असतं. तुमचा टेम्पोचा खर्च त्यातून वजा होईल, असं त्या कलमात कुठेही लिहिलेलं नाही. म्हणून या वेळी समोरासमोर बसून प्रत्यक्ष झालेला खर्च दाखवा आणि तेवढा वळता करून उरलेला इसार परत करा. दंगलीत त्यांचाही मंडप, वीज, भोजनाचा खर्च बुडालेला असतो. अशा वेळी सगळा इसार दाबून ठेवणाऱ्याला त्या गावातून पुन्हा बोलावणं येत नाही.

पुढच्या वेळेसाठी मात्र हे आधीच लिहून घ्या. खालचा मसुदा एका पानात मावतो:

‘शासकीय आदेश, संचारबंदी, बंद, पोलीस परवानगी न मिळणं किंवा मागे घेतली जाणं यांमुळे कार्यक्रम होऊ शकला नाही, तर: (अ) पथक निघण्यापूर्वी लेखी कळवल्यास इसार नव्या तारखेला वळता होईल. सहा महिन्यांत नवी तारीख ठरली नाही तर निम्मा इसार परत. (आ) पथक निघाल्यानंतर कळवल्यास इसार परत मिळणार नाही. (इ) पथक पोहोचल्यानंतर रद्द झाल्यास इसाराशिवाय त्या रात्रीचा मुक्काम व जेवण आयोजकांकडे. (ई) निम्म्याहून अधिक कार्यक्रम झाल्यावर थांबवावा लागला तर पूर्ण मानधन. पथक निघण्याची वेळ म्हणजे टेम्पोत सामान चढवायला सुरुवात होण्याची वेळ, म्हणजेच ____ वाजता.’

ती शेवटची ओळ गाळू नका. भांडणं बहुतेक तिथेच होतात. निरोप कोण कुणाला देणार, त्या दोघांची नावं आणि फोन नंबरही लिहा. दहा जण दहा बातम्या सांगत असतात तेव्हा एकाचाच निरोप खरा धरायचा असतो.

इसार किती घ्यायचा तेही याच हिशेबाने ठरवा. समजा मानधन 80 हजार आहे. गाड्यांचा खर्च 14 हजार, साउंड ऑपरेटर 4 हजार, पाच साथीदार प्रत्येकी 5 हजार. वाटेत रद्द झालं तर गाड्या आणि ऑपरेटरचे 18 हजार जातातच. साथीदारांनी त्या तारखेच्या दुसऱ्या सुपाऱ्या सोडलेल्या असतात, त्यांना निम्मे तरी द्यायलाच हवेत, म्हणजे 12,500. एकूण 30,500. तेव्हा 40 टक्के, म्हणजे 32 हजार इसार घेतलात तर पदरचं काही जात नाही. 10 टक्क्यांवर सुपारी पक्की केलीत तर तोटा साथीदारांवर ढकलला जातो, आणि ते आम्हाला मुळीच पटत नाही.

प्रश्न: राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला तर खासगी मैफल करता येते का? – संगीत मंडळ, नाशिक

येते. दुखवट्याच्या काळात सरकारी करमणुकीचे कार्यक्रम होत नाहीत आणि ध्वज अर्ध्यावर असतो. खासगी कार्यक्रमांवर त्यामुळे आपोआप बंदी येत नाही. डिसेंबर 2024 मध्ये माजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या निधनानंतरचा सात दिवसांचा दुखवटा 1 जानेवारीपर्यंत होता, तेव्हा अनेक मंडळांना हाच प्रश्न पडला होता. सभागृह सरकारी किंवा पालिकेचं असेल तर व्यवस्थापकाकडून लेखी होकार घ्या. मैफल करणार असाल तर सुरुवातीला दोन मिनिटं स्तब्धता पाळा आणि हार-सत्कार वगळा.

प्रश्न: आमच्या तिकीट असलेल्या कार्यक्रमाच्या आठवड्यात शहरात जमावबंदी लागली आणि मोबाइल इंटरनेटही बंद होण्याची शक्यता आहे. तयारी काय करावी? – नाट्यगृहात कार्यक्रम करणारी संस्था, छत्रपती संभाजीनगर

जमावबंदी हा शब्द ऐकून थांबू नका. आदेशाची प्रत मिळवा आणि वाचा. तो महाराष्ट्र पोलीस कायदा, 1951 च्या कलम 37 खाली आहे की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली (जुनं कलम 144), कोणत्या ठाण्यांच्या हद्दीत आहे आणि कोणाला वगळलंय हे बघा. बऱ्याच आदेशांत लग्नसमारंभ, अंत्ययात्रा, नाट्यगृहं, चित्रपटगृहं वगळलेली असतात. संचारबंदी असेल तर मात्र तारीख बदलण्याशिवाय दुसरा मार्ग नाही.

इंटरनेट बंद झालं की दारावर तीन गोष्टी अडतात: तिकीट स्कॅन होत नाही, यूपीआय चालत नाही आणि प्रेक्षकाला स्वतःचं तिकीट उघडता येत नाही. आदल्या दिवशी दुपारीच बुकिंगची पूर्ण यादी आडनावाच्या क्रमाने छापून घ्या, दोन प्रती. प्रत्येक नावापुढे आसनक्रमांक आणि फोनचे शेवटचे चार आकडे. दारावर ओळखपत्र बघून नावावर खूण करायची. सुट्टे पैसे ठेवा. एसएमएस चालू असतील तर कार्यक्रम होतोय की नाही याचा एकच संदेश सकाळी 11 ला पाठवा, आणि तो नाट्यगृहाच्या फाटकावरही लावा.

प्रश्न: मी पोवाडे गातो. ठाण्यातून गाण्यांची यादी मागतात, आयोजक म्हणतात ‘राजकीय काही नको’. एवढं सगळं ऐकून मग गायचं तरी काय? – शाहीर, अहिल्यानगर जिल्हा

शाहिरी आणि सत्ता यांचं हे नातं नवं नाही. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाला मुंबई सरकारच्या बंदीला तोंड द्यावं लागलं होतं. तरीही त्यांचा आवाज संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गावोगाव पोहोचला. तुम्ही गाऊ नये असं आम्ही कधीच म्हणणार नाही.

आयोजकांचं म्हणणं आणि पोलिसांचं म्हणणं वेगळं ठेवा. आयोजकांशी बोलणं सुपारी घेतानाच करा. कोणते पोवाडे गाणार ते सांगा. नको असतील तर त्यांनी तेव्हाच दुसरा शाहीर बघावा. रंगमंचामागे, डफ हातात असताना ही चर्चा करू नका. ठाण्यात यादी द्यायची तर शीर्षक आणि रचनाकार यांसह द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. वग किंवा लोकनाट्य असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं संहितेचं प्रमाणपत्र जवळ असू द्या.

सहसा दाखवली जातात ती कलमं म्हणजे भारतीय न्याय संहितेचं 196 (गटागटांत वैर वाढवणं) आणि 299 (हेतुपुरस्सर धार्मिक भावना दुखावणं). 28 मार्च 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने कवी आणि खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर जामनगरमध्ये एका कवितेवरून नोंदवलेला गुन्हा रद्द केला. शब्दांचा परिणाम खंबीर, विचारी माणसाच्या मापाने जोखायचा, प्रत्येक टीकेत धोका पाहणाऱ्या असुरक्षित माणसाच्या नव्हे, हा त्या निकालाचा गाभा आहे. बोललेल्या किंवा लिहिलेल्या शब्दांवरून तक्रार आली आणि गुन्ह्याची शिक्षा तीन ते सात वर्षांच्या दरम्यान असेल, तर पोलिसांनी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(3) प्रमाणे, वरिष्ठांच्या परवानगीने, आधी 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करणं योग्य, असंही न्यायालयाने सांगितलं. या निकालाची छापील प्रत फाइलमध्ये ठेवा.

प्रत्यक्षात अडचण पोवाड्यापेक्षा दोन कवनांमधल्या बोलण्यातून जास्त येते. कवन लिहिलेलं असतं, त्याची जबाबदारी घेता येते. ओघात निघालेलं वाक्य मात्र वीस सेकंदांच्या क्लिपमध्ये मागचापुढचा संदर्भ गमावून फिरतं. म्हणून निवेदनही लिहून काढा. मिक्सरच्या मेन आउटमधून पूर्ण कार्यक्रमाचं सलग रेकॉर्डिंग घ्या, सोबत एक माइक प्रेक्षकांकडे ठेवा म्हणजे त्यांच्या प्रतिक्रियाही येतील. फाइलला तारीख आणि गाव लिहून दोन ठिकाणी जपून ठेवा. तुटक्या क्लिपला खरं उत्तर तेच देतं.

प्रश्न: मैदानावर चालू कार्यक्रमात मागच्या बाजूला गोंधळ झाला, साउंडवाल्याने घाबरून सगळंच बंद केलं आणि अंधारात चेंगराचेंगरी होता होता राहिली. कलावंतांनी अशा वेळी काय करावं? – कीबोर्डवादक, जळगाव

प्रकाश आणि आवाज एकाच वेळी गेला की माणसं अंदाजाने पळतात. यातला सगळ्यात मोठा धोका हाच आहे. त्यामुळे तुमचं काम दुपारच्या साउंड चेकलाच सुरू होतं.

चार वाजता मैदानाला एक फेरी मारा. बाहेर पडायच्या वाटा मोजा, त्या उघड्या आहेत का पाहा. रंगमंचामागची वाट बहुधा तुमच्याच टेम्पोने अडलेली असते, तो हलवा. बांबूचं कुंपण सुतळीने बांधलेलं असतं आणि घाईत ती गाठ कुणाला सुटत नाही. प्रत्येक बाजूच्या एका स्वयंसेवकाकडे विळा द्या आणि कोणती गाठ कापायची ते दाखवून ठेवा. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या मधून सहा फुटांचा रस्ता सोडायला लावा. तो कार्यक्रम सुरू झाल्यावर भरत जातो, म्हणून मध्यंतरात पुन्हा मोकळा करा.

साउंड आणि लाइटवाल्याशी दोन गोष्टी ठरवा. पहिल्या चॅनेलवर लाल टेप लावलेला एक माइक निवेदकासाठी कायम चालू राहील. तो ज्या स्पीकरवर जातो तो जनरेटरवर असेल, किंवा वेगळा बॅटरीवरचा असेल. दुसरं, पोलिसांनी बंद करायला सांगितलं तरी वाद्यांचे चॅनेल आधी खाली आणायचे, तो माइक त्यानंतर आणि मैदानाचे दिवे सगळ्यात शेवटी, लोक बाहेर पडल्यावर. बंदोबस्ताच्या अधिकाऱ्यांना हे आधी सांगितलं तर ते सहसा मान्य करतात, कारण त्यांनाही अंधार नकोच असतो.

गोंधळ दिसला की प्रमुख गायकाने हात वर करायचा. ताल तिथेच तोडू नका, तालाचं आवर्तन पूर्ण करून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, थांबा. अचानक पडलेल्या शांततेने लोक दचकतात. मग निवेदकाने लिहून ठेवलेली चार वाक्यं सावकाश, दोनदा बोलायची: ‘कार्यक्रम इथे थांबवत आहोत. पुढे बसलेल्यांनी बसूनच राहा. मागच्या रांगेपासून शाळेच्या बाजूच्या फाटकाने चालत बाहेर पडा. मुलांचा हात सोडू नका.’ कोणी केलं, का केलं, यावर एक अक्षरही नको. ‘पळा’, ‘दंगल’, ‘हल्ला’ हे शब्द तोंडातून निघता कामा नयेत.

तुम्ही मंचावरच, दिसत राहा. कलावंत वाद्यं उचलून आत धावले की प्रेक्षकही धावतात. रंगमंचावर दगड येऊ लागले तर अर्थात वाद्यं तिथेच टाकून मागे सरायचं.

प्रश्न: अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांनी पाच शहरांत कार्यक्रम ठरवले आहेत. सध्याच्या परिस्थितीत व्हिसा, विमानं आणि वाद्यं यांचं काय पाहावं? – तंबोऱ्यासह जाणारं शास्त्रीय गायनाचं पथक, पुणे

पर्यटक व्हिसावर मानधन घेऊन गाऊ नका. सांस्कृतिक वैशिष्ट्य असलेल्या कलेसाठी पी-3 हा वर्ग आहे. त्याचा अर्ज तिथल्या आयोजकाने किंवा एजंटाने आय-129 फॉर्मवर करायचा असतो, आणि तो वर्षभर आधीपासून करता येतो. पाचही शहरांचं वेळापत्रक आणि आयोजकांची पत्रं जोडा. अर्ज मंजूर झाला तरी दूतावासाची मुलाखत वेगळी असते. सहा महिन्यांच्या आत हे सगळं बसवायला जाऊ नका.

24 एप्रिल 2025 ला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं आणि पश्चिमेकडची उड्डाणं लांबली. त्याच वर्षी 23 जूनला कतारचं आकाश काही तास बंद झालं, तेव्हा अनेक विमानं वळवावी लागली. पहिल्या कार्यक्रमाआधी दोन पूर्ण रात्री हाताशी ठेवा. सगळा प्रवास एकाच तिकिटावर काढा. वेगवेगळी तिकिटं असली की चुकलेलं पुढचं विमान तुमच्या खर्चाने जातं. प्रवास विम्यात युद्ध आणि तत्सम कारणं वगळलेली असतात का, ते पानावर शोधा.

वाद्यांत अडचण लाकडाची नाही. शिसमाच्या तयार वाद्यांना नोव्हेंबर 2019 पासून ‘साइट्स’ या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातून सूट आहे. अडचण घोडीची, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीची आहे. जुन्या तंबोऱ्या-सतारींवर सांबरशिंगाची घोडी असू शकते, आणि सांबरशिंग वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली येतं. त्याचा व्यापार आणि निर्यात बंद आहे. अशी घोडी उतरवून घरी ठेवा आणि प्रवासासाठी लाकडी किंवा कृत्रिम पदार्थाची बसवून घ्या. उंटाच्या हाडाची घोडी चालते, पण तपासणाऱ्याला ती शिंगासारखीच दिसते, म्हणून मिरजेच्या किंवा तुमच्या नेहमीच्या कारागिराकडून पदार्थाचं नाव लिहिलेली पावती घ्या. नवी घोडी निघण्याच्या किमान तीन आठवडे आधी बसवा, कारण जवारी काढून (नाद खुलावा म्हणून घोडीचा पृष्ठभाग घासून) झाल्यावर ती स्थिरावायला वेळ लागतो. तबल्याची हातोडी मोठ्या सामानात टाका, केबिनच्या पिशवीत ती सुरक्षा तपासणीत काढून घेतली जाते.